कायद्याच्या ग्रंथालयाचें दार कोणासाठीं?

कायदा आपणांस ठाऊक नव्हता ही सबब न्यायासनापुढें चालत नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंत हें तत्त्व होतें. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंही तें तसेंच ठेवलें आहे. तत्त्व योग्यच आहे. तें नसतें तर प्रत्येक लबाडानें अज्ञानाचें सोंग घेतलें असतें. परंतु जेथें प्रत्येक मनुष्यास कायदा ठाऊक आहे असें धरून चालतात, तेथें कायदा पाहण्याची जागाही प्रत्येक मनुष्यास खुली असावी, हें त्याच तत्त्वाचें दुसरें अंग होय. आणि आमच्याकडे नेमकें तेंच अंग लुळें पडलें आहे.

महाराष्ट्रांत कायद्याच्या शिक्षणाची वाण आहे असें कोणी म्हणणार नाहीं. मुंबईचें सरकारी विधि महाविद्यालय १८५५ पासून चालू आहे; डॉ. आंबेडकरांनीं १९३५ सालीं त्याचें प्राचार्यपद स्वीकारलें होतें. पुण्यास १९२४ पासून विधि महाविद्यालय आहे, आणि गेल्या कांहीं वर्षांत तीन राष्ट्रीय विधि विद्यापीठांची त्यांत भर पडली आहे. अशा संस्थांच्या ग्रंथालयांत कायदे, निकालपत्रें, भाष्यें यांचा जो संग्रह असतो तो तालुक्याच्या वकिलानें जन्मभर पैसा सांठविला तरी त्याच्या घरीं येणार नाहीं. पण रीत काय? ओळखपत्र दाखवा. ज्याचें नांव पटावर आहे त्यानें आंत जावें. ज्याच्या कराच्या पैशांतून कपाटें भरलीं त्यानें दारांतून परत फिरावें. जमिनीच्या वाटणीचा दावा लढणारी विधवा, मजुरी बुडालेला कामगार, बाहेरगांवचा नवशिका वकील, हे सारे त्या दृष्टीनें ‘बाहेरचे’!

हा प्रश्न आजच निकडीचा कां झाला, तेंही सांगतों. दंडसंहितेचीं ५११ कलमें जाऊन न्याय संहितेचीं ३५८ आलीं. खुनाच्या शिक्षेचें ३०२ आतां १०३ झालें. आणि ज्या ४२० नें मराठी भाषेस एक शिवी दिली तें ३१८ मध्यें जाऊन बसलें. फौजदारी प्रक्रिया व पुरावा यांचेही कायदे त्याच दिवशीं बदलले. परंतु त्या दिवसापूर्वीं घडलेल्या गुन्ह्यांस जुनीच दंडसंहिता लागू आहे, आणि असे खटले पुढें कित्येक वर्षें चालतील. म्हणजे ग्रंथपालानें नवीं पुस्तकें आणावींत, पण जुनीं रद्दींत घालूं नयेत. दोन्हीं शेजारी ठेवून कोणत्या कलमाचें कोणतें झालें याचा तक्ता भिंतीवर लावावा. पूर्वीं दुरुस्ती झाली कीं त्या पानावर चिठ्ठी चिकटविण्याची चाल होती. दिसावयास क्षुल्लक, पण ती एक चिठ्ठी चुकली तर रद्द झालेल्या कलमावर अर्ज लिहिला जातो, आणि अशिलाची तारीख फुकट जाते. ग्रंथालय अद्ययावत् ठेवणें म्हणजे नवे रंग व नव्या खुर्च्या नव्हेत, तर ही चिठ्ठी होय.

निकालपत्रांची गोष्ट आणखी विलक्षण आहे. निकालाचा मूळ मजकूर कोणा प्रकाशकाच्या मालकीचा नसतो, संपादकानें आपल्या बुद्धीनें घातलेली भर तेवढीच त्याची, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यांत ठरविलें. जानेवारी २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें आपले सुमारें ३४ हजार निकाल संगणकावर सर्वांस विनामूल्य खुले केले. कांहींचीं मराठी भाषांतरेंही मिळतात. उत्तम झालें. पण ढिगांतून आपल्या उपयोगाचा निकाल हुडकणें, तो पुढें फिरविला गेला कीं काय हें पाहणें, ही विद्या आपोआप येत नाहीं. ती शिकविणारा मनुष्य ग्रंथालयांत असतो, आणि ग्रंथालयास कुलूप असतें!

अमेरिकेंत सरकारी प्रकाशनें ठेवण्यासाठीं नेमलेल्या ग्रंथालयांची एक योजना आहे. विधि महाविद्यालयाच्या ग्रंथालयासही तींत जाण्याची सोय कायद्यानेंच केली आहे. मात्र जें ग्रंथालय हा मान घेईल त्यानें तीं प्रकाशनें सामान्य जनतेस विनामूल्य पाहूं दिलीं पाहिजेत. सरकार पुस्तकें देतें व बदल्यांत दार उघडें मागतें. हा व्यवहार आमच्याकडे अशक्य कां असावा?

आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. गर्दी होईल, पुस्तकें चोरीस जातील, विद्यार्थ्यांस बसावयास जागा उरणार नाहीं. परीक्षेच्या महिन्यांत बाहेरच्यांस मर्यादा घालावी, हें आम्हांस मान्य आहे. पुस्तक घरीं देऊं नये, हेंही मान्य. परंतु चोरीच्या भयानें वापरच बंद करावयाचा असेल तर ग्रंथालय कशास, तिजोरीच बांधावी! पुस्तकें वापरण्यासाठीं असतात हें डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं आपल्या पांच नियमांत पहिलें घातलें होतें. दुसरा आक्षेप, ग्रंथपाल वकिली करूं लागेल, हाही पोकळ आहे. कायदा कोठें आहे हें दाखविणें निराळें, आणि तुम्ही काय करावें हें सांगणें निराळें. पहिलें काम ग्रंथपालाचें, दुसरें वकिलाचें.

भाषेसंबंधीं एक शब्द. खालच्या न्यायालयांचें काम मराठींत चालतें, उच्च न्यायालयाचें इंग्रजींत. आणि बहुतेक ग्रंथसंग्रह इंग्रजी. मराठी शाळेंतून आलेला विद्यार्थी या दोहोंच्या मध्यें गुदमरतो. कलम कसें शोधावें, निकालाचा संदर्भ कसा वाचावा, याची दहा पानांची मराठी पुस्तिका प्रत्येक विधि ग्रंथालयानें छापली तर तिला खर्च तो किती येणार?

आतां उरला संगणकावरील संग्रहांच्या वर्गणीचा प्रश्न. छापील पुस्तक एकदां घेतलें कीं तें कपाटांत राहतें. वर्गणी थांबली कीं परवलीचा शब्द बंद होतो व सारा संग्रह एका रात्रींत नाहींसा होतो. प्रकाशकाशीं करार ग्रंथालयच करीत असतें. ग्रंथालयांत येऊन बसणाऱ्या कोणाही वाचकास तेथल्या तेथें हा संग्रह पाहतां येईल, असें कलम करारांत घालण्याची चाल परदेशीं सर्रास आहे. पुढील वर्षाच्या वर्गणीवर सही करण्यापूर्वीं आमच्या विद्यापीठांच्या व्यवस्थापन परिषदांनीं हें एक कलम मागून पाहावें. आणि प्रकाशक तें नाकारील तर त्याचें कारण लेखी घ्यावें.