चैत्रातलं पुस्तक

पाडवा झाला की घरातल्या वाचणाऱ्या माणसाची ओढाताण सुरू होते. सकाळी भिजवलेली कुंडी संध्याकाळी भेगाळलेली दिसते. मोगऱ्याला कळ्या धरलेल्या असतात आणि जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण पसरू लागलेला असतो. मुलांच्या परीक्षा तोंडावर येतात आणि त्या आटोपल्या की वाळवणं, पाहुणे, गावाला जाणं. जानेवारीत हौसेनं हाती घेतलेली कादंबरी उशाशी पडून राहते आणि तिच्याकडे नजर गेली की मनाला टोचणी लागते. ही टोचणी अनाठायी आहे, असं मला वाटतं. बाग, घर आणि पुस्तक यांचं भांडण वेळेवरून दिसत असलं, तरी त्याचं मूळ आपल्या हट्टात आहे. बाराही महिने एकाच तऱ्हेनं, एकट्यानं, गप्प बसून आणि पानं मोजत वाचायचं, हा तो हट्ट.

वर्षाला अमुक पुस्तकं हा संकल्प आता घरोघरी केला जातो. पण मराठी घरातलं वाचन असं सरसकट कधीच नव्हतं, ते ऋतूंच्या बेतानं चालायचं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की पोथी लावली जायची. पेरण्या उरकलेल्या, पावसानं वाटा अडवलेल्या, तेव्हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीधरांनी रचलेले ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ पाटावर यायचे. एक जण वाचायचा आणि बाकीचं घर ऐकायचं. ऐकणाऱ्या बायकांच्या हातात कापूस असायचा, वाती वळणं थांबत नसे. पुढे छापील मजकुराचा काळ आला तरी ऋतूची ही सवय मोडली नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पावसाळा सरल्यावरच्या सणाला वाचनाचा फराळ जोडला गेला. आजही दिवाळी अंक एका आठवड्यात संपवायचे म्हणून कुणी घेत नाही. ते पुढचे दोन-तीन महिने घरात फिरत राहतात, आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

मग वसंतात काय वाचावं, हे बागच सांगते. उन्हाळ्यात झाडांना पाणी द्यायचं ते ऊन चढण्याआधी किंवा उतरल्यावर. भर दुपारी कुंड्यांत हात घालण्यात अर्थ नसतो, त्या वेळी छाटणी किंवा कुंडी बदलणं म्हणजे तर झाडाचे हाल. म्हणजे साधारण अकरा ते चार बाग आपल्याला मोकळं सोडते. शिवाय पाणी घालण्यातही एक थांबा दडलेला असतो. फार वाळलेली माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. अशा कुंडीत एकदम तांब्याभर पाणी ओतलं, तर ते त्या फटीतून सरळ खालच्या भोकावाटे वाहून जातं आणि मुळांभोवतीचा गड्डा कोरडाच राहतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, पाणी पोचलं. म्हणून आधी थोडं शिंपडायचं, माती मऊ होऊ द्यायची आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा घालायचं. त्या दहा-पंधरा मिनिटांत कादंबरीचं प्रकरण होणार नाही, पण एक कविता, एक पत्र, ललित लेखाची दोन पानं सहज होतात. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ अशा वाचनासाठी फार जवळचं पुस्तक आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याला एक लेख. चैत्राचा लेख चैत्रात वाचावा आणि खाली जाऊन कोपऱ्यावरच्या कडुनिंबाची पालवी पाहावी. असं पुस्तक वर्षभर पुरतं आणि ते संपवण्याची घाई करावीशीही वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सवयीत खंड पडला की सवय सुटते. हे मला अर्धंच पटतं. चातुर्मास संपला की पोथी बासनात बांधली जायची आणि पुढच्या आषाढीला पुन्हा उघडली जायची, पिढ्यान्‌पिढ्या. आठ महिन्यांच्या खंडानं ती सवय मोडली नाही, कारण तिची वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती आणि ऐकणारे वाट पाहत होते. सवय टिकते ती या तीन गोष्टींवर, रोजच्या पानांच्या आकड्यावर टिकत नाही. तेव्हा वसंतात पानं घटली तर घटू द्यावीत, पण खिडकीजवळची ती खुर्ची आणि तेवढी वीस मिनिटं सोडू नयेत.

दुसरा आक्षेप मात्र खरोखर जड आहे. दुपार मोकळी असते, पण कुणाची? ज्या घरात झाडांना पाणीही तीच घालते, कुरडयांचा चीकही तीच शिजवते आणि मुलांचा अभ्यासही तीच घेते, तिथे दुपारची वेळ कामांच्या आत कुठेतरी चेपलेली असते. पोथी ऐकणाऱ्या बायकांच्या हातातल्या वाती मला म्हणूनच अस्वस्थ करतात. हात रिकामे ठेवून ऐकायची मुभा त्यांना नव्हती. जुन्या रीतीतलं ऋतुमान घ्यावं, ही अट घेऊ नये. आणि इथे बाग अडचण होण्याऐवजी मदतीला येऊ शकते, कारण घरातल्या सगळ्या कामांत पाणी घालणं हे दुसऱ्याकडे सोपवायला सर्वांत सोपं काम आहे. दहा वर्षांचं मूल ते शिकतं. मातीत बोट खुपसून ओल पाहायची, पानांखाली कीड शोधायची, वाळका पाचोळा कुंडीत पसरून माती झाकायची, सुट्टीतल्या मुलांना याहून चांगलं काम कोणतं? पाण्याची पाळी घरात वाटून घेतली की बाईच्या वाट्याला वाचनाचा अर्धा तास येतो. तो तिला उपकार म्हणून मिळता कामा नये. भाजी आणणं जसं घरातलं काम, तसं तिचं वाचन घरातलं काम धरलं पाहिजे, आणि त्या वेळात तिला हाक मारायची नाही, हे सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

नोकरी करणाऱ्यांना ना दुपार, ना संध्याकाळ. त्यांच्यासाठी रात्रीचं जेवण झाल्यावर गच्चीवर किंवा गॅलरीत मोठ्यानं वाचणं हाच मार्ग मला दिसतो. दिवे जाण्याची वाट न पाहता मोबाइल आत ठेवायचे आणि एकानं वाचायचं. आजीला डोळ्यांनी दिसेनासं झालं असेल तर तिलाही पुस्तक पुन्हा मिळतं, लहान मुलाला जोडाक्षरांची भीती उरत नाही, आणि वाचणारा घरापासून तुटून एका कोपऱ्यात बसला आहे, ही तक्रारही राहत नाही. अर्थात एकांतातलं वाचन वेगळंच असतं, त्याची जागा असं वाचन घेणार नाही. काही पुस्तकं एकट्यानंच वाचायची असतात आणि त्यांना सलग दिवस लागतात. ती जाडजूड कादंबरी मनात कसलीही टोचणी न ठेवता कपाटात ठेवावी आणि आषाढात काढावी. अक्षय्यतृतीयेला कुंडीत लावलेल्या हळदीला तोवर पानं फुटलेली असतात, आणि पाणी घालायचं काम पावसानं अंगावर घेतलेलं असतं.