बोर्ड गेला, म्हणजे नेमके काय गेले?

गेल्या हिवाळ्यात आमचा टीव्ही रुसला. लाल दिवा लुकलुकायचा, आतून 'टक्' असा आवाज यायचा आणि पुन्हा सामसूम. रीतीप्रमाणे एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. मागचे झाकणही न उघडता त्याने निदान केले, "बोर्ड गेला. या मॉडेलचा बोर्ड आता मिळत नाही. नवा टीव्ही घ्या." भेटीची फी मात्र न विसरता घेतली.

सौ.चे मामा तेव्हा सांगलीहून आमच्याकडे जर्सी सिटीत मुक्कामाला आले होते. त्यांची सारी हयात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेली. ते म्हणाले, "जावईबापू, नुसते 'माणूस आजारी आहे' एवढेच सांगून फी घेणारा डॉक्टर पाहिलात का कधी? बोर्डावरचे काय गेले, ते विचारायचे होते."

मामांनी प्लग काढला आणि दहा मिनिटे कोणाला हात लावू दिला नाही. इथल्या घरातली वीज १२० व्होल्टची; पण आत डायोडांतून गेल्यावर मोठ्या कंडेन्सरवर ती १७० च्या आसपास चढते आणि प्लग काढल्यावरही तिथे दबा धरून बसू शकते. (आपल्याकडे भारतात हाच आकडा सव्वातीनशेच्या घरात जातो.) ती उतरल्याची मीटरने खात्री केल्यावरच तपासणी सुरू झाली. आधी डोळे आणि नाक : कुठे करपले आहे का, डाख सुटला आहे का, कोणा कंडेन्सरचे डोके फुगले आहे का. मग फ्यूज. मग डायोड : मीटरच्या तारा एका बाजूने लावल्या तर अर्धा-पाऊण व्होल्ट दिसायला हवा, उलट्या लावल्या तर काही नाही. दोन्हीकडून शून्य आले तर शॉर्टचा संशय. संशयच म्हणायचे, कारण मामांच्या मते बोर्डावर बसलेल्या भागाबद्दल मीटर अनेकदा खोटी साक्ष देते. करंट शेजारच्या वाटेने जातो आणि निर्दोष भाग गुन्हेगार ठरतो. म्हणून त्याचा एक पाय सोडवायचा आणि पुन्हा मापायचे.

एक कंडेन्सर फुगलेला होताच. तो बदलला. मग एक हात पाठीशी ठेवून मामांनी चालू सेटवर १२ व्होल्टची लाइन पाहिली, तर सेट सुरू होऊ लागला की ती नऊवर बसे. आमच्यासारख्याने इथेच हात टेकले असते. मामांनी वीज बंद करून शेजारच्या, दिसायला ठणठणीत असलेल्या कंडेन्सरवर एक चांगला कंडेन्सर समांतर जोडला. लाइन बारावर उभी राहिली! त्या दुसऱ्याची क्षमता मीटरवर बरोबर येत होती. पण आतला रोध वाढला होता, आणि तो साध्या मीटरला दिसत नाही. दोन्ही भागांची किंमत मिळून दोन डॉलरसुद्धा नव्हती.

माझा राग त्या दुरुस्तीवाल्यावर नाही. इथे माणसाचा तास महाग आणि बोर्ड त्या मानाने स्वस्त. त्याला बदलायला शिकवले आहे, शोधायला नाही. राग आहे तो शोधण्याची वाटच बंद करण्यावर. एके काळी सेटच्या पाठीवर आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. १९४६ पासून इंडियानापोलिसच्या सॅम्स या प्रकाशनाचे 'फोटोफॅक्ट' अंक निघत आणि दुकानदार त्यावरून एकेक व्होल्टेज ताडून पाहत. आज तोच नकाशा कंपन्या तिजोरीतल्या दागिन्यासारखा जपतात.

नदीपलीकडे न्यूयॉर्कने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पण सही होता होता त्यात एक पळवाट घुसली : चुकीच्या जोडणीने इजेचा धोका वाढत असेल, तर कंपनीने सुटा भाग न देता पूर्ण जोडलेला संच दिला तरी चालेल. म्हणजे पुन्हा 'बोर्ड गेला, बोर्ड घ्या'! धोका खोटा नाही, तो वर सांगितलाच. पण धोक्यावर उपाय म्हणजे शिक्षण की अज्ञान?

याच नदीपलीकडे मॅनहॅटनच्या कोर्टलँड स्ट्रीटवर १९२१ पासून 'रेडिओ रो' होती, आपल्या लॅमिंग्टन रोडची थोरली बहीणच म्हणा. व्हॉल्व्ह, कॉइल, कंडेन्सर, जे हवे ते तिथे सुटे मिळे. १९६२ साली पोर्ट ऑथॉरिटीने आपली पाथ रेल्वे हाती घेतली आणि त्याच सौद्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरची जागा या बाजूला सरकली. १९६६ मध्ये ती दुकाने पाडायला सुरुवात झाली. जर्नल स्क्वेअरवरून पाथने जाताना मला हे हटकून आठवते.

सगळेच बोर्ड वाचतात, असे मी म्हणत नाही. आजचे भाग मोहरीएवढे. मुख्य चिप गेली असेल तर मामाही हात जोडतात. पण पॉवर सप्लायचा भाग आजही पुष्कळसा जुन्या वळणाचा असतो. तिथली साधी नादुरुस्ती न पाहताच आपण टीव्ही रस्त्याकडेला ठेवायला निघतो. न्यू जर्सीत १ जानेवारी २०११ पासून टीव्ही कचऱ्यात टाकायलाच बंदी आहे. तो रीसायकलिंगला द्यावा लागतो. तिथे त्याचे तुकडे होणार, तपासणी नव्हे.

आपली मुले रोबोट बनवून बक्षिसे आणतात, त्याचे कौतुक आहेच. पण तो रोबोट बंद पडला की पहिला प्रश्न येतो तो 'नवा बोर्ड कधी मागवायचा?' अ‍ॅम्स्टरडॅममध्ये २००९ साली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र बसून वस्तू दुरुस्त करण्याचा उपक्रम 'रिपेअर कॅफे' या नावाने सुरू झाला आणि देशोदेशी पसरला. आपल्या मराठी शाळेच्या एखाद्या रविवारी एक टेबल मांडायला काय हरकत आहे? मामा पुन्हा उन्हाळ्यात येत आहेत. मीटर, डाखाची तार आणि सोल्डरिंग आयर्न मी आणतो. बंद पडलेले रेडिओ, घड्याळे, खेळणी तुम्ही आणा. मायक्रोवेव्ह मात्र कोणी आणू नये. त्याच्या आतला कंडेन्सर जीवघेणा असतो आणि मामा त्याला मुलांसमोर हात लावणार नाहीत.