वाचा घरच्या बोलीतच फुटते

बाळाला ऐकू येते का, हे पाहायला त्याच्यामागे थाळी वाजवायची, ही जुनी परीक्षा. बाळ दचकले की घरचे निर्धास्त. पण हलणारा हात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो, हादरा अंगाला जाणवतो. शिवाय जन्मतः बहिरे मूलही पहिले काही महिने तोंडाने आवाज काढतेच. पुढे ते गप्प होत जाते आणि ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणत दोन-तीन वर्षे निघून जातात. भाषा घडायची वर्षे नेमकी तीच. अमेरिकेतील कोलोरॅडोतल्या, १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांच्या बरीच पुढे आढळली. तेव्हा झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवून काही मिनिटांत होणारी तपासणी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात प्रत्येक बाळंतपणानंतर व्हावी, यावर वाद नसावा. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. तपासणीनंतरची स्पीच थेरपी वारली, कोकणा, कातकरी, ठाकरी अशा घरच्या बोलीत हवी.

थेरपिस्ट आठवड्यातून तास-दोन तास भेटणार. बाकीची भाषा मुलाला चुलीपाशी आणि आजीच्या मांडीवर मिळते. आईला तक्त्यावरचे प्रमाण मराठी शब्द म्हणायला लावले की ती चाचरते, कमी बोलते. तक्त्यावर सफरचंद, घरात नाचणी, वरई आणि मोह! ‘शाळा मराठी, घर वारली, आधीच अडखळणारे मूल गोंधळेल,’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. कॅनडातल्या २००५च्या अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेली दोन भाषांची मुले, एकाच भाषेत वाढलेल्या तशाच मुलांच्या मागे नव्हती. (डाऊन सिंड्रोमच्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे वारंवार पाणी साठते, त्यामुळे ‘मंद आहे’ म्हणण्याआधी कान तपासलेले बरे.) कर्णयंत्राचा उपयोग होत नसेल तिथे खुणांची भाषा लवकर द्यावी, तिला दुय्यम मानण्याचे कारण नाही.

जव्हारमधल्या वावर-वांगणीचे कुपोषणाचे बालमृत्यू पाहिलेल्या तालुक्यात आधी पोट, मग वाचा, असे कोणी म्हणेल. पण जन्मतः कमी वजन, तीव्र कावीळ, जन्मताना कोंडलेला श्वास ही बहिरेपणाच्याही जोखमीची कारणे आहेत. म्हणजे यातली बरीच मुले तीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३पासून वर्षातून दोनदा अंगणवाडीत जाण्यासाठी आहेत. बहिरेपण आणि डाऊन सिंड्रोम त्यांच्या यादीत आहेतच. राहतो प्रश्न सातत्याचा. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जगायला जातो आणि दवाखान्यातली थेरपी तिथेच तुटते. आई काम करताना जे बोलते ते मात्र भट्टीवरही सोबत जाते. म्हणून पाड्यातलीच एखादी बाई शिकवून तयार करावी, तक्ते तिच्या बोलीत छापावेत, आणि कर्णयंत्रासोबत पावसाळ्यासाठी ओलावा शोषणारी डबी व वर्षभर पुरतील इतके सेल द्यावेत.