रजिस्टर कुणाच्या हातात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एका पोराच्या पायावर स्लिंगमधला माल निसटून पडला. पाय गेला. कंत्राटदार म्हणाला, हा त्या दिवशी कामावर नव्हताच. हजेरीचं रजिस्टर दाखवलं. खरंच नाव नव्हतं. आम्ही सत्तावीस जणांनी त्याला उचलून गेटबाहेर आणला होता, पण सत्तावीस जणांच्या डोळ्यांपेक्षा रजिस्टर मोठं.

मी त्यावर बारा ओळी लिहिल्या. टोळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या. टाकताना फोनच्या वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह होतं, म्हणजे व्हीपीएन चालू. फुकटातलं ॲप. सगळ्या टोळीनं घेतलं होतं. छाती फुगलेली, आता आपल्याला कोण बघतंय!

तिसऱ्या दिवशी मुकादमानं बोलावलं. खिशातून फोन काढला आणि माझी कविता मलाच वाचून दाखवली. वाचली वाईट, पण वाचली पूर्ण. म्हणाला, "कवी, उद्यापासून पाळी नाही." पंधरा दिवस घरी बसलो.

रात्री पोरं विचारायला लागली, "व्हीपीएन चालू होतं ना रे?" होतं. मग? मग काय घंटा! ग्रुपमधल्याच एकानं स्क्रीनचा फोटो काढून मुकादमाला पाठवला होता. व्हीपीएन रस्ता झाकतं. रस्त्याच्या टोकाला बसलेला फितूर झाकत नाही.

दोस्तांनो, हा लेख त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी दहावी झालेला माणूस. इंजिनिअर नाही. पण गोदीत माल कसा हलतो ते मला कळतं, आणि इंटरनेटवर मालच हलतो.

फोनवर तुम्ही एखादं पान उघडता म्हणजे एक खोकं रवाना करता. आजकाल बहुतेक खोक्यांना सील असतं. आत काय आहे ते वाटेत दिसत नाही. पण खोक्यावर चिठ्ठी असते, कुठं जायचं त्याची. तुमची इंटरनेट कंपनी म्हणजे गेटवरचा टॅली क्लार्क. तो चिठ्ठी वाचतो. तुमचं नाव, वेळ आणि खोकं कुठं निघालं ते त्याच्या वहीत पडू शकतं. त्याच्याकडं सरकारनं दिलेली बंदीची यादीही असते. यादीतलं नाव दिसलं की खोकं अडवलं. पान उघडत नाही. तुम्ही म्हणता, नेटवर्क गेलं वाटतं. नेटवर्क नाही गेलं राजा, गेट बंद केलंय.

हे गेट बंद करायचा अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ मध्ये आहे. त्याखाली २००९ साली नियम केले. त्यातला १६ वा नियम सांगतो की तक्रार कुणाची आली, कारवाई काय झाली, सगळं गुप्त ठेवायचं. बघा गंमत. त्यांची गोपनीयता नियमात छापलेली, आणि आपण गोपनीयता मागितली की ते म्हणणार, तुम्हाला लपवायचंय काय?

आता यातून वाट कशी निघते? प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तुम्ही खोकं त्याच्या पत्त्यावर पाठवता, तो आपल्या नावानं पुढं पाठवतो. पण गेटपासून त्याच्यापर्यंतचा रस्ता उघडा असू शकतो. व्हीपीएन त्याच्या पुढची पायरी. तुमची सगळी खोकी एका कंटेनरमध्ये भरली, कंटेनरला सील ठोकलं आणि परदेशातल्या एजंटाकडं धाडलं. गेटवरच्या क्लार्कला फक्त कंटेनर दिसतो आणि एजंटाचा पत्ता. एजंट तिकडं कंटेनर उघडतो, खोकी आपल्या नावानं पुढं पाठवतो. उत्तर त्याच वाटेनं परत. बंदी घातलेलं पान उघडतं ते असं. जादू नाही. मालाची फिरवाफिरव.

टोर म्हणून एक आहे, ते याहून हुशार. त्यात एक एजंट नाही, तीन आहेत. पहिल्याला माहीत की माल कुणी पाठवला. तिसऱ्याला माहीत की कुठं चालला. दोन्ही गोष्टी एकट्या कुणालाच माहीत नाहीत. चालतं हळू, पण त्यासाठी कुणावर आंधळा भरवसा ठेवावा लागत नाही.

व्हीपीएनमध्ये मात्र ठेवावा लागतो. टॅली क्लार्कपासून जे लपवलं ते सगळं एजंटाला दिसतं: तुम्ही कुठून आलात, कुठं गेलात, किती वाजता. म्हणजे रजिस्टर नाहीसं झालं नाही. फक्त दुसऱ्या माणसाच्या टेबलावर गेलं.

हे आपल्याला नवीन नाही. बाबासाहेब १९१७ साली अमेरिकेत शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना डोकं टेकायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत पारशी नाव लावून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. सराईच्या रजिस्टरात पारशी नाव पडलं. पण सराई सांभाळणाऱ्याला खरं काय ते माहीत होतं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे. तू कोण? इथं कसा आलास? आजच्या आज खोली खाली कर.

ते उसनं नाव म्हणजे प्रॉक्सीच होती. कोलंबियात शिकलेल्या माणसाला या देशात एका खोलीसाठी प्रॉक्सी लावावी लागली! आणि ती अकरा दिवस टिकली. दोष नाव झाकणाऱ्याचा नव्हता. नाव सांगितलं की छप्पर जातं, दोष त्या शहराचा होता. पण धडा आपण घ्यायचा: उसनं नाव तेवढेच दिवस टिकतं, जेवढे दिवस सराईवाल्याचं तोंड बंद राहतं.

आता सरकारनं सराईवाल्याचंच तोंड उघडायचं ठरवलंय. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी संस्थेनं हुकूम काढला. व्हीपीएन विकणाऱ्यांनी गिऱ्हाईकाचं खरं नाव, पत्ता, फोन, त्याला दिलेला आयपी पत्ता आणि तो व्हीपीएन कशासाठी घेतो ते कारण, हे सगळं ५ वर्षं जपून ठेवायचं. गिऱ्हाईक सोडून गेला तरी ठेवायचं. म्हणजे ज्या धंद्याचा माल म्हणजेच 'आम्ही रजिस्टर ठेवत नाही' हा शब्द, त्याला सांगितलं की रजिस्टर ठेव. एक्सप्रेस, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन या कंपन्यांनी भारतातली आपली यंत्रं उचलली आणि बाहेरून धंदा करायला लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये ॲपल आणि गूगलनं सरकारच्या हुकमावरून आपल्या भारतातल्या दुकानांतून काही व्हीपीएन ॲप खाली उतरवली. व्हीपीएनवर देशभर बंदी नाही. पण गल्लीबोळ बुजवणं चालू आहे.

आणि आपण काय करतो? फुकटातलं उचलतो. फुकट कोण देतं रे या दुनियेत? इस्राएलची ओनाव्हो ही कंपनी फेसबुकनं २०१३ साली विकत घेतली. तिचं व्हीपीएन 'तुमचं रक्षण करतो' म्हणत फोनात शिरलं आणि तुम्ही कुठलं ॲप किती वेळ वापरता ते मालकाला सांगत बसलं. बोंब झाल्यावर २०१८ ला ॲपलच्या दुकानातून गेलं, २०१९ ला बंद पडलं. होला नावाच्या फुकट ॲपचं बिंग २०१५ साली फुटलं. ते आपल्या गिऱ्हाईकांचंच कनेक्शन दुसऱ्यांना विकत होतं. म्हणजे तुमच्या पत्त्यावरून कोण कुठला माल हलवतोय, तुम्हाला पत्ता नाही. गुन्हा झाला तर दार तुमचं वाजणार. आणि आपलं दार वाजवायला पोलिसांना फार कारण लागत नाही, हे वस्तीतल्या पोराला काय सांगायचं?

आता काश्मीर बघा. ५ ऑगस्ट २०१९ ला तिथं फोन, इंटरनेट सगळं बंद. २०२० च्या जानेवारी अखेरीस २जी सुरू केलं, तेही ३०१ ठरवून दिलेल्या साइटींपुरतं. बाकी जग बंद. सोशल मीडिया बंद. लोकांनी व्हीपीएन लावलं आणि भिंतीपलीकडं बोलले. फेब्रुवारीत श्रीनगरच्या सायबर पोलिसांनी व्हीपीएन वापरून सोशल मीडियावर लिहिणाऱ्यांवर गुन्हा दाखल केला, त्यात यूएपीए लावला. ४जी परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. दीड वर्ष! तिथं व्हीपीएननं काम केलं, कारण थोडं का होईना नेट होतं.

पण तारच कापली तर? २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. मूळ खटला आपल्या महाराष्ट्रातला. २ एप्रिलला दलितांनी भारत बंद केला. त्या दिवशी पंजाबात सरकारनं मोबाईल इंटरनेटच बंद ठेवलं. तिथं कुठलं व्हीपीएन आणि कुठली प्रॉक्सी? रस्ताच उखडला तर कंटेनर काय हवेतून जाणार? तरी माणसं उतरली. गोळ्या झाल्या, माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. ते किल्लीच्या चिन्हानं झालं नाही. पायांनी झालं.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात भयंकर. भीमा-कोरेगावच्या खटल्यात अटक झालेले रोना विल्सन. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं त्यांच्या लॅपटॉपची तपासणी केली. फेब्रुवारी २०२१ ला बाहेर आलेल्या त्यांच्या अहवालात म्हटलंय की २०१६ साली एका ईमेलवाटे त्यात व्हायरस घुसवला, आणि पुरावा म्हणून दाखवलेल्या फायली बाहेरून लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवल्या. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही आर्सेनलनं तेच सांगितलं. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. पण आपल्यापुरता अर्थ समजा. चोर रस्त्यावर नव्हता, घरात होता. घरात शिरलेल्याला रस्त्यावरचं सील काय अडवणार?

आता आमच्यातले एक जुने काका म्हणतात, "पोरांनो, आपण काय चोर आहोत? चळवळ उघड्या छातीनं करायची. नावानिशी लिहायचं." काका, तुमचा शब्द मानतो. ती कविता मी नावानिशीच लिहिली होती. उद्याही लिहीन. पण एक विचारतो. गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू कुणाच्या अंगावर होता? शिरण्याआधी आवाज देऊन आपली जात सांगायची सक्ती कुणावर होती? आपल्याला हजारो वर्षं उघडं पाडूनच ठेवलं. आजही खोली भाड्यानं घ्यायला गेलो की एजंट आधी आडनाव विचारतो, मग भाडं सांगतो. त्यांनी विचारायचं आणि आपण सांगायचं, त्यांनी लिहायचं आणि आपण सोसायचं, हाच तर तो धंदा आहे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पांढरपेशांना तो बंगल्याच्या पडद्यासारखा वाटत असेल. मला तो साधा वाटतो. माझं नाव कुठं सांगायचं आणि कुठं नाही, हे मी ठरवणार. कवितेखाली सांगीन. मुकादमाच्या फोनात, कंपनीच्या वहीत, पोलिसांच्या यादीत माझ्या परवानगीशिवाय नको. उघड्या छातीनं लढणं वेगळं आणि कुणीतरी सदरा फाडून छाती उघडी करणं वेगळं.

म्हणून व्हीपीएन वापरा, पण त्याला ताईत समजू नका. वर्गणी काढा, पैसे मोजून घ्या, ज्याचं काम बाहेरच्या तपासनिसांनी तपासलंय असं घ्या. जिथं जीव अडकलाय तिथं टोर. फोन अद्ययावत ठेवा, अनोळखी फाईल उघडू नका, अंगठ्यापेक्षा लांब पासवर्ड बरा. ग्रुप लहान ठेवा, मजकूर आपोआप पुसला जाईल असं बघा. आणि जिथं व्हीपीएनवरच बंदीचा हुकूम आहे, जसा जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत निघाला, तिथल्या साथीला घरबसल्या शहाणपण शिकवू नका. धोका त्याच्या अंगावर आहे.

पण पोरांनो, गल्लीबोळ शोधत आयुष्य काढायचं नाही. मुख्य रस्ता मागायचा. १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की इंटरनेट बंदीचे हुकूम जाहीर केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत चालणार नाही. मग दाखवा हुकूम! बंद केलेल्या साइटींची यादी दाखवा! १६ वा नियम काढा! ५ वर्षांचं रजिस्टर जाळा!

त्या पोराचं नाव अजून कंत्राटदाराच्या हजेरीत नाही. आम्ही एक शंभर पानी वही आणली. तारीख, पाळी, त्याचं नाव, काय झालं ते सगळं लिहिलं. खाली सह्या घेतल्या. सत्तावीसपैकी एकोणीस झाल्या. उरलेल्या आठ जणांना मी फितूर म्हणत नाही. त्यांतला एकच फितूर, बाकी सात घाबरलेले. त्यांची भीती मला कळते, पंधरा दिवस चूल कशी चालते ते मी बघितलंय. वही कुठं ठेवलीय ते मात्र ग्रुपवर सांगितलेलं नाही.

हे रजिस्टर आमच्या हातात आहे.

जय भीम.