लोहाची गोळी आणि लिंबाची फोड

गोमंतकाच्या भूमीने जगाला लोखंड पुरविले. डिचोली, सत्तरी आणि सांगे येथील डोंगर फोडून काढलेले खनिज मांडवी-झुवारीतून बार्जींनी मुरगावला आणि तेथून थेट जपानपर्यंत गेले. 2012 साली खाणी थांबल्या, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्या पुन्हा थांबल्या, आणि त्या लोखंडावरून गोव्यात जेवढा वादविवाद माजला तेवढा अन्य विषयावर क्वचितच माजला असेल. परंतु याच भूमीत लोहाचा दुसरा एक तुटवडा आहे, आणि त्यावरून ना मोर्चे निघतात ना विधानसभेत खडाजंगी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2015-16 च्या फेरीत गोव्यातील 15 ते 49 वर्षे वयाच्या शंभरांपैकी 31.3 स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. 2019-21 च्या फेरीत हा आकडा 39 वर गेला. देशाचा आकडा याच काळात 53.1 वरून 57 झाला, तेव्हा आपण इतरांपेक्षा बरे असे समाधान कोणी मानू शकेल. शिक्षणात आणि दरडोई उत्पन्नात देशाच्या अग्रभागी असल्याचे सांगणाऱ्या राज्याला ते समाधान शोभणारे नाही.

बोटाच्या टोकावरील थेंबातून केलेली ही मोजणी रक्तक्षयाचे प्रमाण फुगवून दाखविते, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला आहे, व तो अनाठायी म्हणता येणार नाही. शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावानेच होतो असेही नाही. तरी आकड्यांची थोडी वजावट केली तरी जे उरते ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. प्रौढ स्त्रीच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे 12 ग्रॅम हिमोग्लोबिन असावे, गर्भवतीच्या रक्तात निदान 11 तरी असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. ते याहून घसरले की जिना चढताना धाप लागते, कामात मन लागत नाही, शाळेतल्या मुलीचे अभ्यासावरचे चित्त उडते. आणि बाळंतपणात रक्तस्राव झालाच तर तो सोसण्याची शक्ती शरीरात उरत नाही. आपल्या घरांतून मात्र याला ‘अशक्तपणा’ असे सौम्य नाव देऊन तो बायकांच्या जन्माला पुजलेलाच असतो असे गृहीत धरले जाते.

शासनाने काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 सालापासूनचा आहे. 2018 साली ‘अॅनिमियामुक्त भारत’ या नावाने त्याला नवे रूप मिळाले. गर्भवती स्त्रीने 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली तांबडी गोळी 180 दिवस रोज घ्यावी, प्रसूतीनंतरही तितकेच दिवस घ्यावी. शाळकरी मुलामुलींना आठवड्यातून एक गोळी मिळावी, अशी ही योजना आहे. ती पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू असूनही प्रश्न तेथेच का, याचे उत्तर शोधायचे तर गोळी केंद्रातून घरी पोहोचली की नाही एवढेच पाहून भागणार नाही. घरी गेल्यावर तिचे काय होते हेही पाहावे लागेल. ती पुष्कळदा फडताळात राहते. तिने मळमळते, पोट जड होते, शौचाला काळे होते. हे होणार, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, असे आधी कोणी सांगितलेले नसते. मग चार दिवसांनी गोळी बंद होते.

यात भर पडते ती एका गैरसमजाची. सरकारी गोळीत ‘क’ जीवनसत्त्व नाही, म्हणून ती कमअस्सल. औषधांच्या दुकानातील ‘क’ जीवनसत्त्वासह येणारी महागडी गोळी तेवढी खरी, असे आता सर्रास मानले जाते. या समजुतीला शास्त्राचा आधार अगदीच नाही असे नव्हे, आणि म्हणूनच तिचा नीट विचार केला पाहिजे. भाजी, कडधान्ये व तृणधान्ये यांतील लोह शरीराला सहजासहजी शोषता येत नाही. त्याचा बराचसा भाग ‘फेरिक’ स्वरूपात असतो आणि धान्यांतील फायटिक आम्ल, चहातील टॅनिन यांसारखी द्रव्ये त्याला अडकवून ठेवतात. ‘क’ जीवनसत्त्व त्याचे शोषणसुलभ ‘फेरस’ रूप करते व त्या अडकवणाऱ्या द्रव्यांच्या तावडीतून त्याला सोडवते. अन्नातील लोहापुरता हा नियम खरा आहे. परंतु नेहमीच्या स्वस्त गोळीत फेरस सल्फेटसारखा क्षार असतो, म्हणजे जे रूपांतर ‘क’ जीवनसत्त्वाने करावयाचे ते आधीच झालेले असते. आणि मात्राही अन्नातून मिळणाऱ्या लोहाच्या अनेक पट असते. तेथे या साहाय्यकाला करण्यासारखे फारसे काम उरतच नाही.

हा केवळ तर्क नाही. चीनमधील शांघाय येथे लोहाच्या अभावाने रक्तक्षय झालेल्या 440 प्रौढ रुग्णांवर या प्रश्नाची परीक्षा घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना दर आठ तासांनी लोहाच्या गोळीबरोबर 200 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिले. उरलेल्यांना तीच लोहाची गोळी, पण एकटी. दोन आठवड्यांनी पहिल्या गटाचे हिमोग्लोबिन सरासरी 2 ग्रॅमने वाढले, तर दुसऱ्याचे 1.84 ग्रॅमने. हा फरक इतका किरकोळ की संशोधकांनी दोन्ही उपचार तुल्यबळ ठरविले आणि लोहाच्या गोळीबरोबर ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी घेणे आवश्यक नाही असा निर्वाळा दिला. एका प्रयोगाने सगळेच प्रश्न मिटतात असे आम्ही मानत नाही. पण या जोडगोळीवाचून उपचार पांगळा आहे, असे म्हणण्यास त्यानंतर जागा राहत नाही.

या निष्कर्षाचे महत्त्व प्रयोगशाळेपेक्षा गरिबाच्या घरात अधिक आहे. रक्तक्षयाचा उपचार आठवड्या-दोन आठवड्यांचा नसतो. हिमोग्लोबिन पूर्वपदावर आल्यानंतरही शरीरातील लोहाचा रिता साठा भरून निघावा म्हणून गोळी साधारणपणे आणखी तीन महिने घ्यावी लागते. महागडी गोळी हातावर पोट असलेल्या बाईला महिनाभर परवडते, पुढच्या महिन्यात परवडत नाही. आणि फुकटची गोळी हलकी म्हणून तिने आधीच टाकून दिलेली असते. अशा रीतीने अनावश्यक पुरवणीच्या मोहात आवश्यक औषध सुटते. ‘क’ जीवनसत्त्वाची ती गोळी सहसा अपाय करणार नाही. पण तिच्या खर्चापायी लोहाची मात्रा अर्ध्यावर थांबली, तर तो अपायच म्हटला पाहिजे.

मग लिंबू व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. त्याची जागा ताटात आहे. तांबडी भाजी, अळसांदे, कुळीथ यांतील लोह अंगी लागावे असे वाटत असेल तर त्यांवर लिंबाची फोड पिळावी, पण ती भांडे चुलीवरून उतरविल्यावर, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नाश पावते. पेरू व आवळा घरोघरी मिळण्यासारखे आहेत. आमच्या डोंगरांवर वैशाखात काजूची बोंडे पिकतात. ‘क’ जीवनसत्त्वात ती संत्र्यालाही मागे टाकतात आणि बहुतांशी भट्टीकडे जातात. मासळीतील लोह शरीर अधिक सुलभतेने घेते, इतकेच नव्हे तर त्याच ताटातील भाजीचे लोहही मासळीच्या सोबतीने अधिक शोषले जाते. मात्र ज्या घरात बाई सर्वांच्या मागून जेवते, तेथे तिच्या वाट्याला किती मासळी उरते हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे.

गोळी लागू पडावी म्हणून खरोखर जे पाळायचे त्याला पैसे पडत नाहीत. चहाबरोबर गोळी घेऊ नये. दोहोंत निदान तासाभराचे अंतर असावे. गर्भवतीला कॅल्शियमचीही गोळी मिळते. ती आणि लोहाची गोळी यांत दोन तास तरी जाऊ द्यावेत. आम्लपित्ताच्या औषधांनीही लोहाचे शोषण घटते. रिकाम्या पोटी गोळी अधिक लागू पडते खरी, पण मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी; थोडे कमी शोषले गेले तरी अजिबात न घेण्यापेक्षा ते बरे. अधिक गोळ्या म्हणजे अधिक गुण, हाही भ्रम आहे. लोहाची मात्रा पोटात गेली की हेप्सिडिन नावाचा अंतःस्राव वाढतो आणि पुढच्या मात्रेची वाट काही काळ अडवतो. झुरिच येथील संशोधकांनी 2017 साली दाखविले की, लोहाची उणीव असलेल्या स्त्रियांनी एक दिवसाआड गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतील लोहाचा अधिक हिस्सा शोषला जातो. अर्थात गर्भवतीने व अतिशय रक्तक्षय असलेल्याने असा बदल डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. गोळी ही कारणाचा शोध घेण्याची सुट्टी नव्हे. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला लोहाचा अभाव जाणवू लागला तर रक्त कोठून तरी झिरपत आहे अशी शंका घ्यावी. मूळव्याध असेल, जठरातील व्रण असेल, क्वचित आतड्याचा कर्करोगही असेल. अनवाणी शेतात वा कुळागरात राबणाऱ्यांच्या पोटात अंकुशकृमी असू शकतात. आणि ज्यांचा रक्तक्षय थॅलेसेमियाचा आहे त्यांना न तपासता लोह देत राहणे धोक्याचे ठरते. घरातल्या लहान मुलाच्या हाती या गोळ्या लागू देऊ नयेत. गोडाची म्हणून मूठभर गिळल्या तर जिवावर बेतते.

शासनाकडे आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक आरोग्य केंद्रात गोळीबरोबर दोन शब्द समजावून सांगितले जावेत, महिन्याने बाईला परत बोलावून तिचे हिमोग्लोबिन पुन्हा तपासले जावे, आणि वाटलेल्या गोळ्यांच्या संख्येऐवजी सुधारलेल्या रक्ताची नोंद वरिष्ठांनी मागावी. खाजगी डॉक्टरांनीही औषधाची चिठ्ठी लिहिताना ही तांबडी गोळी त्याच कामाची आहे, हे रुग्णाला निःसंकोचपणे सांगावे. त्यांचा शब्द दुकानावरच्या जाहिरातीपेक्षा अधिक मानला जातो. आणि घरच्या मंडळींनी एवढेच करावे: संध्याकाळी त्या बाईला विचारावे, आज गोळी घेतलीस का?