म्हशीचा चीक, घोड्याचे रक्त आणि आपण

म्हैस व्याली की शेजारीपाजारी खरवसाची वाट पाहू लागतात. कोल्हापूर हे म्हशीच्या दुधाचे गाव. गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. अशा गावात चिकाची वडी कोणाला आवडणार नाही? पण म्हशीला चीक येतो तो कोणासाठी, आणि पहिल्या काही तासांत तो रेडकाच्या पोटात गेला नाही तर काय होते, हे फार थोड्या घरांत बोलले जाते. त्या निमित्ताने माणूस आणि पाळीव जनावरे यांच्या रोगप्रतिकारशक्तीत काय सारखे आहे आणि काय वेगळे आहे, ते या वेळी पाहू.

आपल्या रक्तात रोगजंतूंना व विषांना पकडणारे अतिशय सूक्ष्म पदार्थ असतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. प्रत्येक प्रतिपिंडाला दोन हात आणि एक शेपूट असते, असे समजा. हाताने जंतू पकडायचा आणि शेपटाने शरीरातील इतर पेशींना मदतीला बोलवायचे. हाच पदार्थ काही पांढऱ्या पेशींच्या अंगावर बाहेर तोंड करून बसलेला असतो. तेव्हा त्याला ग्राही म्हणतात. ग्राही म्हणजे पकडणारा.

उद्या कोणता जंतू अंगात शिरेल हे शरीराला आधी माहीत नसते. मग प्रत्येकासाठी वेगळा हात तयार कसा होतो? हे कोडे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी सोडवले. १९७६ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे काम करताना त्यांनी दाखवले की, हा हात बनवण्याची माहिती जनुकांमध्ये एकसंध नसते, ती तुकड्यातुकड्यांनी असते आणि पेशी ते तुकडे हवे तसे जोडून घेते. त्याबद्दल त्यांना १९८७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. चपलेचे कारागीर बांधव हे चटकन ओळखतील. ४० तऱ्हेचे तळ, २३ तऱ्हेचे पट्टे आणि ६ तऱ्हेचे अंगठे असले, तर त्यांतून ५,५२० वेगवेगळ्या चपला होतात. माणसाच्या प्रतिपिंडाच्या मोठ्या साखळीत जनुकांचे तुकडे साधारण याच संख्येने आहेत. तिला लहान साखळीची जोड मिळाली की हा आकडा काही लाखांवर जातो. शिवाय सांध्यावर पेशी आणखी फेरफार करते, ते वेगळेच.

ही जोडणीची पद्धत गाय, म्हैस, शेळी, घोडा, कोंबडी या सर्वांत आहे. मूळ आराखडा एकच, तुकड्यांची संख्या मात्र प्राण्यागणिक वेगळी. गाईत मोठ्या साखळीच्या पहिल्या प्रकारचे कामाचे तुकडे जेमतेम डझनभर. कोंबडीत तर असा कामाचा तुकडा एकच असतो. ती शेजारच्या निकामी तुकड्यांतील थोडा थोडा भाग उसना घेऊन त्यात विविधता आणते. शेपटाचेही तसेच आहे. रक्तातील मुख्य प्रतिपिंडाच्या शेपटाचे माणसात ४ प्रकार, गाईत ३ आणि घोड्यात ७.

तुकडे कमी म्हणून गाय दुबळी ठरत नाही. तिच्या काही प्रतिपिंडांचा हात विलक्षण लांब असतो आणि तो जंतूच्या खोल खाचेत पोचतो. २०१७ साली अमेरिकेत ४ वासरांना एड्सच्या विषाणूवरील एक पदार्थ टोचण्यात आला. माणसात क्वचितच आणि काही वर्षांनी तयार होणारे, विषाणूच्या अनेक प्रकारांवर चालणारे प्रतिपिंड या वासरांत काही आठवड्यांत तयार झाले. हे औषध नव्हे. पण गोठ्यातील जनावराकडून माणसाला काय शिकता येते, ते यातून दिसते.

आता चिकाकडे वळू. बाईच्या वारेत एक खास ग्राही असतो. तो आईच्या रक्तातील प्रतिपिंडाचे शेपूट धरतो आणि प्रतिपिंड बाळाच्या रक्तात नेऊन सोडतो. त्यामुळे पूर्ण दिवसांचे बाळ आईची शिदोरी घेऊनच जन्माला येते. हा ग्राही बनवणारे जनुक गाईम्हशींतही आहे. पण त्यांच्या वारेत आईचे रक्त आणि वासराचे रक्त यांच्यामध्ये जास्त पडदे असतात, म्हणून प्रतिपिंड पलीकडे जात नाहीत. रेडकू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईचे प्रतिपिंड जवळजवळ नसतातच. त्याची सगळी शिदोरी चिकात असते. त्यातही रेडकाच्या आतड्यातून हे प्रतिपिंड अखंड रक्तात जाण्याची वाट पहिल्या काही तासांतच चांगली उघडी असते. दिवसभरात ती बंद होते. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी तो नुसता आहार ठरतो.

म्हणून वार पडल्याशिवाय रेडकाला पाजायचे नाही, ही जुनी समजूत घातक आहे. वार पडायला कितीतरी तास लागतात आणि तोवर मोलाचा वेळ निघून जातो. रेडकू जन्मल्यावर तासाभरात त्याला चीक पाजावा. पहिल्या दिवसभरात त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतका चीक पोटात जावा. म्हणजे ३० किलोच्या रेडकाला ३ लिटर. चीक त्याच्या गरजेपेक्षा जास्तच असतो. रेडकाचे पोट भरल्यावर उरेल त्याचा खरवस खुशाल करावा. जिथे एका म्हशीवर घराचा बाजारखर्च चालतो, तिथे हगवणीने दगावलेले रेडकू हे फार मोठे नुकसान असते.

आपल्या बाळाला वारेतून शिदोरी मिळते, मग बाळंतिणीचा चीक पिळून टाकला तर चालेल का? मुळीच नाही. बाईच्या पिवळसर, घट्ट चिकात वेगळ्या प्रकारचे प्रतिपिंड असतात. ते बाळाच्या आतड्याला आतून अस्तर लावावे तसे राखण करतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला तर वारेतून शिदोरीही कमी मिळालेली असते. तेव्हा माता-भगिनींनो, बाळंतपणानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्या. मध, साखरपाणी, गुटी काही देऊ नका. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध.

दुसरी गोष्ट सर्पदंशाची. आपले कितीतरी बांधव उसाच्या फडात राबतात, जमिनीवर झोपतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतली. यावर खरे औषध एकच, ते म्हणजे प्रतिविष. लोक त्याला सापाची लस म्हणतात, पण ती लस नव्हे. लस शरीराला प्रतिपिंड बनवायला शिकवते आणि त्याला वेळ लागतो. प्रतिविषात तयार प्रतिपिंडच असतात, आणि ते असतात घोड्याचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अगदी थोड्या मात्रेने घोड्याला टोचत जातात. घोडा मरत नाही. त्याच्या रक्तात विष पकडणारे प्रतिपिंड तयार होतात, ते काढून शुद्ध करतात. मुंबईत परळला १८९९ साली सुरू झालेली प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या नावाचे प्रतिविष आपल्या राज्यात कित्येक दशके वापरले गेले आहे.

घोड्याच्या प्रतिपिंडाचा हात माणसाच्या अंगातही विष पकडतो, हे झाले साम्य. पण त्याचे शेपूट आपल्या शरीराला परके वाटते, हा झाला भेद. म्हणून कारखान्यात पेप्सिन नावाच्या पाचकरसाने ते शेपूट तोडून टाकतात. तरीही काही जणांना प्रतिविष चढत असताना खाज, थंडी, दम किंवा रक्तदाब उतरणे असा त्रास होतो. त्यावरचे इंजेक्शन हाताशी लागते, म्हणून प्रतिविष दवाखान्यातच घ्यायचे असते. आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी किंवा अंगावर पुरळ आले तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. लहान मुलाला मोठ्या माणसाइतकेच प्रतिविष देतात, त्याने घाबरू नये. साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.

पिसाळलेला कुत्रा चावल्यावर जखमेत जे तयार प्रतिपिंड टोचतात, तेही घोड्याचे किंवा माणसाचे असतात. घोड्याचे माणसाच्या अंगात लवकर संपतात, म्हणून त्यांची मात्रा वजनाच्या किलोमागे ४० एकक, तर माणसाच्यांची २० एकक. जनुकांतील एवढ्याशा फरकाने मात्रा दुप्पट होते.

साप चावल्यास करायचे ते इतकेच. मांत्रिकाकडे जाऊ नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून आवळू नका. अंगठी आणि बांगड्या काढा. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. मण्यार रात्री झोपेत चावते आणि दुखतही नाही. सकाळी पापण्या जड झाल्या, पोटात दुखू लागले किंवा बोलणे अडखळू लागले, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. सीपीआर असो की तालुक्याचे रुग्णालय, सरकारी दवाखान्यात प्रतिविष मोफत मिळते.

घरातील ज्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही, त्यांना हा मजकूर वाचून दाखवा. आणि ज्यांच्या दारात म्हैस गाभण आहे, त्यांना चिकाची गोष्ट आजच सांगा.