लेकरांना विचारण्याचे वय

रमजानमध्ये सात-आठ वर्षांचे मूल हट्टाने रोजा धरते, तेव्हा आई दुपारीच त्याला चुचकारून दोन घास भरवते. तेच मूल वयात आले की रोजा त्याचे स्वतःचे कर्तव्य होते. आई सहरीला हाक मारते. पुढचे त्याचे ते पाहते. तिची काळजी कमी होत नाही, पण निर्णय मुलाच्या हाती जातो. मूल सज्ञान होताना प्रत्येक आईबापाला हे शिकावे लागते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र ते फार अवघड होऊन बसते.

भाताची कापणी-झोडणी उरकली की दिवाळीनंतर येथील अनेक आदिवासी कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. आश्रमशाळेत असेपर्यंत मुलीच्या डोक्यावर छप्पर असते. शाळा संपली की प्रश्न उभा राहतो. पाड्यावर एकटी ठेवावी तर जीव थाऱ्यावर राहत नाही, भट्टीवर न्यावी तर शिक्षण सुटते. त्यात भट्टीवर उचल मिळते ती बहुधा नवरा-बायकोच्या जोडीला. मग लग्न लावून दिले की पोर सुरक्षित झाली, असे वाटते. शहरातले लोक याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतात. खरे तर ही मायाच असते, पण भ्यालेली. आणि त्या भीतीची किंमत लेक मोजते.

2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीसाठी 18 आणि मुलासाठी 21 वर्षांची अट घातली. ती पाळलीच पाहिजे. परंतु अठरा पूर्ण झालेल्या मुलीलाही घरात कोणी विचारणार नसेल, तर तिचे सज्ञानपण कागदावरच राहते.

बकरी ईदमुळे हजरत इब्राहिम यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. कुरआन सांगते की मुलगा वडिलांबरोबर कामाला लागण्याच्या वयाचा झाला होता. स्वप्नातला आदेश ईश्वराचा, तरीही बापाने आधी मुलाला त्याचे मत विचारले. मूल सोळा वर्षांचे झाले की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असे संस्कृत सुभाषितही सांगते. दोन्ही परंपरांना हे वय विचारण्याचे वाटले.

विचारण्यासाठी आईबापाच्या पायाखाली जमीन हवी. रोजगार हमीचे काम पाड्याजवळ आणि मजुरी वेळेवर मिळाली, तालुक्याच्या वसतिगृहात मुलीला जागा मिळाली, तर माया इतकी भ्यायची नाही. हे शासनाचे काम आहे. शहरातल्या सुस्थित घरांना तर कसलीच सबब नाही. तिथेही शाखा, नोकरी आणि जोडीदार आईबापच ठरवतात आणि त्याला प्रेम म्हणतात.

बारावीच्या परीक्षा आता संपतील. पुढे काय, हे ठरवण्याआधी घरोघरी लेकरांना एकदा विचारले जावे. उत्तर मनासारखे आले नाही, तरी ते ऐकून घेतले जावे.